जुनं लाकूड विकण्याआधी

आम्ही धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून बोलतोय. माइकपुढे समन्वयक म्हणून एकटीच बसली आहे, पण सांगायचं आहे ते गटातल्या आम्हा बारा जणींचं. म्हणून सगळीकडे ‘आम्ही’च म्हणणार.

आज पापड-लोणच्याचा विषय नाही, शेळीपालनाचाही नाही. आज लाकडाचं बोलायचं आहे. जुन्या घराच्या लाकडातून परसात सुतारकामाची शेड कशी उभी केली, आत काय काय मांडलं, खर्च किती आला आणि कुठे चुकलो, ते सगळं सांगणार आहोत. मध्ये मापं येतील, म्हणून वही-पेन जवळ असू द्या.

गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला आमच्या गटातल्या एका ताईला घरकुल मंजूर झालं. घरकुलाचा आनंदच होता, पण नवं बांधायचं तर जुनं पाडायला हवं. जुनं घर धाब्याचं. आपल्या खानदेशात धाबं कुणाला सांगायला नको. मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर आडवे सरे, सऱ्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या-काटक्या आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा थर. धरणगाव हे कापडाच्या व्यापाराचं जुनं गाव, सतराव्या शतकात इंग्रजांची वखारसुद्धा इथे होती. या गावात आणि आसपासच्या खेड्यांत गल्लोगल्ली अशी घरं होती. आता एकेक उतरतंय.

घर पाडणार हे कळल्यावर चौथ्या दिवशी जुनं लाकूड घेणारा व्यापारी दारात हजर. त्यानं घरात एक फेरी मारली, खांबाला नखानं टोकरलं आणि म्हणाला, “सगळं उक्तं अठरा हजार. पाडायची मजुरी आमची.” ताईच्या हाताशी तेव्हा पैसा नव्हता, घरकुलाचा हप्ता जमा व्हायचा होता. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. तो फोनवर म्हणाला, “देऊन टाक, वाळवीनं खाण्याआधी चार पैसे तरी येतील.” ती बैठकीला आली ते हेच सांगायला, की मी लाकूड विकतेय, पैसे घेताना साक्षीला कुणीतरी या.

आम्ही विचारलं, “लाकूड आहे किती?” ती म्हणाली, “घरभर आहे की.”

मैत्रिणींनो, आपण फसतो ते इथंच. कापूस आपण काट्यावर घालतो, ज्वारी मोजून देतो, दूध मापानं घालतो. घराचं लाकूड मात्र ‘घरभर’. त्या दिवशी आम्ही बैठक तिथेच थांबवली आणि टेप घेऊन तिच्या घरी गेलो.

तिच्या सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. पिढीजात सुतार. पूर्वी गावभरचं औत-वखर, तिफण, बैलगाडीची चाकं त्यांच्याकडेच यायची आणि खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा. ट्रॅक्टर आले, औजारं लोखंडाची झाली, आप्पांची हत्यारं गोणपाटात गेली. आम्ही टेप लावायला लागलो तसे ते बाजेवरून उठून आले आणि हिशेब सांगायला लागले. तो तुम्हीही लिहून घ्या.

चौकोनी लाकडाची लांबी फुटांत घ्यायची, रुंदी आणि जाडी इंचांत. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ नं भागायचं. उत्तर येतं ते घनफूट. एक खांब ८ फूट लांब, ६ इंच रुंद, ६ इंच जाड. ८ गुणिले ६ गुणिले ६ म्हणजे २८८. भागिले १४४, म्हणजे २ घनफूट. पाच खणांचं घर होतं. कुजलेलं बाजूला काढून धड असे ८ खांब निघाले, त्यांचे १६ घनफूट. १२ फुटी चार सरे, ८ इंच बाय ६ इंच, एकेक ४ घनफूट, त्यांचेही १६. ६ फुटी ४० कड्या, ४ इंच बाय ३ इंच, एकेक अर्धा घनफूट, म्हणजे २०. दारं, चौकटी, फळ्या मिळून ८. एकूण ६० घनफूट, आणि जवळजवळ सगळा साग. आप्पांच्या आजोबांनी यावलच्या बाजूनं बैलगाडीनं आणलेला, असं ते सांगतात.

अठरा हजार भागिले साठ. घनफुटाला ३०० रुपये. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघींनी जळगावला जाऊन नव्या सागाचा भाव विचारला. तो घनफुटाला हजारांत होता. जुन्या लाकडाला नव्याचा भाव मिळत नाही, हे आम्हालाही कळतं. खिळे असतात, भोकं असतात, घट येते. पण ३०० रुपये?

व्यापाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. तो मोजून आला होता, आम्ही मोजलं नव्हतं.

मग पुढे काय, हा प्रश्न. जास्त भावानं विकायचं की ठेवायचं? ताईच हळूच म्हणाली, “आप्पांचे हात अजून चालतात. मला शिकायचंय.” सगळ्या गप्प. तालुक्यात शेकड्यानं घरकुलं होतायत, प्रत्येकाला दार लागतं, खिडकी लागते, आणि गावात सुतार उरला नाही. दाराच्या एका बिजागरीसाठी धरणगावला जावं लागतं. काम आहे हे दिसत होतं. पण गटातली एक मावशी स्पष्ट बोलली, “आपल्या भाकरीचा पैसा लाकडात घालायचा? उद्या नाही चाललं तर ती फेडणार कशानं?” आम्हाला तेव्हा तिचा राग आला. आता वाटतं, ती बोलली म्हणून आम्ही खर्च कागदावर मांडला, नाहीतर उत्साहात बुडालो असतो.

दुसरी अडचण दिराची. तो म्हणाला, लाकूड वडिलोपार्जित आहे, अर्धं माझं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. दोन बैठका झाल्या, आप्पा मधे बसले. शेवटी ठरलं की लाकूड एकत्रच राहील आणि त्याच्या वाट्याच्या बदल्यात त्याच्या घराला चार दारं चौकटीसकट करून द्यायची. हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. तुमच्याकडे असं काही करणार असाल तर हा कागद आधी करा आणि घराला हात नंतर लावा.

आता घर कसं उतरवलं ते सांगतो. धाबं पाडायचं नसतं, उतरवायचं असतं. आप्पांनी गेरूनं प्रत्येक खांबाला, सऱ्याला नंबर घातला. आधी वरची माती उतरवली, मग फळ्या, मग कड्या, मग सरे आणि शेवटी खांब. भिंत आधी ओढली तर वरची सगळी माती अंगावर येते. माती उतरवताना नाकाला ओलं फडकं बांधायचं. हे काम उन्हाळ्यात उरकायचं, भिजलेल्या धाब्यावर चढायचं नाही.

उतरवलेलं प्रत्येक लाकूड हातोडीनं ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला तर आत भरीव, बद्द आवाज आला तर पोखरलेलं. सागाचा आतला तपकिरी गाभा वाळवीला सहजी दाद देत नाही, बाहेरचा फिकट भाग मात्र लवकर जातो. खांबांची बुडं ओलीनं कुजली होती, ती सहा-सहा इंच कापून टाकली. खिळे काढून झाल्यावर सगळ्या लाकडावरून लोहचुंबक फिरवला. मोडका खिळा आत राहिला तर करवतीचे दात जातात, आणि यंत्राचं पातं असेल तर डोळा जातो.

शेडचा नकाशा आम्ही आधी वहीत काढला होता, २० फूट बाय १५ फूट. आप्पांनी पाहिला आणि वही परत दिली. म्हणाले, “कडी सहा फुटांची. तुमच्या नकाशात बसते का?” बसत नव्हती. जुन्या घराचे खण कडीच्या लांबीवरच ठरलेले होते. म्हणून आम्ही साडेपाच फुटांचे तीन खण धरले. लांबी साडेसोळा फूट, रुंदी ११ फूट. चार सरे, आठ खांब, जेवढे धड होते तेवढेच. जवळ जे लाकूड आहे त्याच्या मापात शेड बसवली, म्हणून फार थोडं विकत घ्यावं लागलं.

जागा परसात, घरकुलापासून आणि चुलीपासून लांब, कारण भुशाला ठिणगी पुरते. पश्चिमेकडून पाऊस मारतो म्हणून ती बाजू बंद. उत्तरेला मोठ्या खिडक्या, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि रेघ नीट दिसते. पूर्वेला दोन पाखांचं रुंद दार, लांब फळी सरळ आत जाईल असं.

जमिनीवर आखणी करताना काटकोन कसा धरायचा? दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करायची. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले की आखणी बरोबर.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर खांब ठेवला तर दोन वर्षांत वाकडा होतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. आम्हाला ३ फुटांवर लागला, तुमच्याकडे पाचवर लागेल. खड्ड्यात काँक्रीट आणि त्यावर जुन्याच घरातले उथळे, म्हणजे खांबाखालचे घडीव दगड, जमिनीपासून फूटभर वर. खांबाचं लाकूड मातीला टेकू द्यायचं नाही. प्रत्येक खांब दोन बाजूंनी लोखंडी पट्टी आणि बोल्टनं काँक्रीटला धरला, कारण पत्र्याची शेड खाली खचण्यापेक्षा वाऱ्यानं वर उचलली जायची भीती जास्त.

आता सांधा. खांबाच्या माथ्यावर जीभ काढतात, तिला कुसू म्हणतात. सऱ्याच्या पोटात तिच्यासाठी भोक असतं. कुसूची जाडी खांबाच्या एक तृतीयांश, म्हणजे ६ इंची खांबाला २ इंच. आठांपैकी पाच कुसू जुनेच चांगले होते, तीन नव्यानं काढले. पहिला ताईनं काढला आणि करवत रेघेच्या आत गेली. कुसू ढिला झाला. ती रडवेली झाली. आप्पा काही बोलले नाहीत, दोन बाजूंनी पातळ पाचरी बसवून दिल्या आणि दुसरा खांब पुढे सरकवला. सांध्यातून आरपार बाभळीची खुंटी मारायची. कुसूमधलं खुंटीचं भोक तीळभर खांबाच्या बाजूला पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा घट्ट ओढला जातो. सरा नेहमी उभा ठेवायचा, ८ इंचांची बाजू उभी. आडवा ठेवला तर तेच लाकूड वाकतं. आणि खांब-सऱ्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तिरका टेकू हवाच. तो नसला तर पाय सैल झालेल्या बाजेसारखी सगळी शेड हलते.

दोन खांब आणि वर एक सरा, अशी चौकट जमिनीवरच जोडायची आणि मग उभी करायची. अशा चार चौकटी. वाळलेला साग घनफुटाला अठरा-एकोणीस किलो भरतो. एका चौकटीत ८ घनफूट, म्हणजे दीडशे किलो. आकडा ऐकून आम्ही घाबरलो. मग एकीनं भागाकार केला. बारा जणी, प्रत्येकीला साडेबारा किलो. भरला हंडा याहून जड असतो.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी चौकटी उभ्या केल्या. आखाजीला गल्लीत माहेरवाशिणी आलेल्या असतात. झोके सोडून त्याही आल्या. बाजूनं जाणारे एक काका थांबून म्हणाले, “हाई बायकास्नं काम शे का?” कुणी उत्तर दिलं नाही, सगळ्यांचे हात गुंतले होते. पहिली चौकट वर गेली आणि उभी राहायच्या ऐवजी पलीकडे झुकायला लागली. मागच्या दोरीवर चौघी होत्या म्हणून थांबली. चौकट उचलणाऱ्यांपेक्षा तिला मागून धरणाऱ्यांचं काम मोठं, हे तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंना दोऱ्या, खांबाच्या पायाला अडणी, पोरं लांब आणि हुकूम एकाच माणसाचा. उरलेल्या तीन चौकटी संध्याकाळच्या आत उभ्या राहिल्या. ते काका शेवटच्या चौकटीला दोरीवर होते.

छप्पर मातीचं न करता हलकं, पत्र्याचं केलं. प्रत्येक सऱ्याच्या मध्यावर दोन फुटी बुटका खांब, त्यावर आढं, दोन्ही बाजूंना उतार. आढं आणि आडव्या पट्ट्या जुन्या कड्यांच्याच, वासे मात्र साडेसात फुटांचे हवे होते, ते निलगिरीचे विकत घेतले. पत्र्याचा हुक नळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात मारला तर पाणी गळतं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पत्र्याला वरून चुना मारला आणि दोन्ही टोकांचे त्रिकोण जाळी लावून उघडे ठेवले. भिंत तीन फुटांपर्यंत जुन्या विटा-मातीची, वर बांबूच्या तट्ट्या. जूनमध्ये वादळ आलं. एक हुक ढिला झाला, बाकी शेड जागेवर होती.

आत मांडणी काय केली? पहिली वस्तू कामाचं बाक. कुजलेल्या सऱ्यांचे धड तुकडे जोडून तीन इंच जाड केलं. बाक जितकं जड तितकं चांगलं, रंधा मारताना सरकत नाही. उंची कशी ठरवायची? सरळ उभं राहून हात सोडायचा, मनगटाच्या घडीपर्यंत बाक यायला हवं. ताईच्या मापानं ते ३० इंच झालं. पुरुषांच्या मापाचं बाक घेतलं असतं तर खांदे भरून आले असते. आप्पा मात्र जमिनीवर बसून पायानं लाकूड धरतात, त्यांच्यासाठी कोपऱ्यात बुटका पाट. लाकूड ठेवायला भिंतीला दांडे, जमिनीपासून वर, दोन फळ्यांमध्ये काडी घालून, म्हणजे हवा खेळते आणि फळी वाकत नाही. हत्यारांना कुलपाची पेटी.

हत्यारं सुरुवातीला आप्पांचीच. वाकस, दोन करवती, तीन रंधे, पाच पटाश्या, गिरमिट, गुण्या आणि ओळंबा. पहिले पंधरा दिवस ताईनं काहीही बनवलं नाही. फक्त धार लावली आणि रेघेवर करवत चालवली. पटाशी हाताला जड वाटायला लागली की समजायचं, धार गेली. धार नसलेलं हत्यार जास्त जोर मागतं आणि जोर लावला की निसटतं.

आता पदराची गोष्ट. ताई लग्न होऊन आली तेव्हापासून आप्पांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. समोर उभं राहून बोलणंही नाही. काही हवं असेल तर सासूबाईंमार्फत. सासूबाई गेल्यावर पोराला पुढे करून. आणि आता त्यांच्याकडूनच हाताला हात लावून शिकायचं होतं. पहिल्या दिवशी पदर सारखा करवतीवर येत होता. आप्पांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “पोरी, पदर खोच आधी. करवतले सासरा-सून समजत नही.” तिनं पदर कमरेला खोचला. त्या दिवसापासून ती शेडमध्ये सलवार-कमीज घालते, केस बांधते, बांगड्या पेटीवर काढून ठेवते. गावात दोन दिवस चर्चा झाली, मग गावाला दुसरा विषय मिळाला.

यंत्रं दोनच घेतली, ड्रिल आणि हातातली करवत. एक कळकळीनं सांगतो. फरशी कापायच्या कटरला लाकडाचं पातं लावून, वरचं झाकण काढून वापरतात, ते कधीही करू नका. त्यानं अनेकांची बोटं गेली आहेत. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. लाकडाच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारक पदार्थांत धरलं आहे, म्हणून झाडू मारण्याआधी पाणी शिंपडा. वायरिंगला अर्थिंग हवं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा, शॉक लागला तर तो वीज तोडतो. घरगुती मीटरवर धंदा चालतो का, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. आणखी एक, जवसाचं तेल लावून पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.

कागदपत्रांचंही ऐका. केंद्र सरकारची प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. अट अशी की काम स्वतःच्या हातानं करणारी व्यक्ती हवी आणि एका कुटुंबातून एकच. आम्ही नोंदणीला गेलो तेव्हा समोरच्या माणसानं विचारलं, “सुतार म्हणून मिस्टरांचं नाव टाकू ना?” मिस्टर सुरतेला, हत्यार धरणारी समोर बसलेली. आम्ही चौघी होतो म्हणून ठामपणे नाही म्हणता आलं. तुम्हीही एकटीला पाठवू नका. नोंदणी सध्या चालू आहे का, ते आधी विचारून घ्या.

लाकडाच्या कायद्याचंही विसरू नका. १९६४ च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा. आमचं लाकूड गल्लीबाहेर गेलंच नाही.

आता हिशेब. पत्रे ११,०००, वासे २,८००, सिमेंट-वाळू ५,०००, बोल्ट-हुक-पट्ट्या १,७००, वीज ५,५००, पायाला मिस्त्रीची मजुरी ४,०००. एकूण ३०,०००. हप्ता येईपर्यंतची नड भागवायला आणखी १०,०००. असं ४०,००० चं कर्ज गटानं ताईला दिलं, महिना शेकडा एक रुपया व्याजानं, २० हप्त्यांत. बारा हप्ते आले आहेत. दोन उशिरा आले. भर पावसाळ्यात काम नव्हतं आणि ताई निंदणीला गेली होती. ते वहीत तसंच लिहिलं आहे.

पहिली कमाई कशाची झाली? कुदळ-फावड्यांच्या दांड्यांची. मग पोळपाट, पाट, चौरंग, बाजेचे पाय. दिवाळीनंतर घरकुलांच्या दारांचं काम आलं. दिराची चारांपैकी तीन दारं देऊन झाली. शेडची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला ताईच्या आणि नवऱ्याच्या अशा दोघांच्या नावानं करायचा अर्ज दिला आहे. नवरा दिवाळीला आला होता. दोन दिवस शेडमध्ये बसला, थोडा रंधा मारला, परत सुरतेला गेला. पुढचं त्यांचं ते ठरवतील.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलगे आणि मुली दोघंही सुतारकाम, वेल्डिंग, वीजजोडणी हातानं करून शिकतात. म्हणजे आम्ही काही जगावेगळं केलं असं नाही. आमच्या गावात ते पहिल्यांदा झालं, एवढंच. आता शनिवारी दुपारी गल्लीतल्या तीन पोरी शेडमध्ये येतात. आप्पा त्यांना आधी धार लावायला बसवतात. त्या कंटाळतात, आणि पुढच्या शनिवारी परत येतात.

ती विरोध करणारी मावशी आठवते ना? मागच्या महिन्यात ती बैठकीत म्हणाली, “माझ्या घराचं धाबंबी औंदा उतरवायचंय. टेप कुणाकडे आहे?”

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, की या वर्षी कुणाकुणाचं जुनं घर उतरणार आहे. त्या घरी टेप, वही आणि गावातला एखादा जुना सुतार घेऊन जा. १४४ नं भागायचं विसरू नका. मोजल्यानंतर विकायचं ठरलं तर खुशाल विका, गरज असेल तर विकावंच लागतं. पण घनफूट किती आणि भाव काय, हे आधी तुमच्या वहीत असू द्या.